पाकिटावर न लिहिलेले

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मधली सुट्टी संपत आली होती आणि मी वर्गवार हजेरी पाहत बसलो होतो. नववीतली एक मुलगी सलग आठ दिवस गैरहजर दिसली. मुलगी अभ्यासात चांगली, विनाकारण शाळा न बुडवणारी. विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना बोलावून विचारले, तेव्हा त्या किंचित घुटमळल्या आणि म्हणाल्या, "विशेष काही नाही, सर. बायकांचं आहे ते." मीही "बरं, बरं" म्हणालो आणि हजेरीपट मिटला. तीस वर्षांच्या नोकरीत हे "बरं, बरं" मी किती वेळा म्हटले असेल, याचा हिशेब माझ्याजवळ नाही.

दुसऱ्या दिवशी बाई आपणहून आल्या. त्या मुलीच्या घरी जाऊन आल्या होत्या. मुलीच्या आईच्या मोबाइलवर कुणीतरी एक मजकूर पाठवला होता : बाजारातल्या सॅनिटरी पॅडमध्ये विष असते, त्याने गर्भाशयाचा कर्करोग होतो, तेव्हा मुलींना वाचवा. आई घाबरली. घरातली पाकिटे तिने फेकून दिली आणि जुन्या साडीची फडकी मुलीला दिली. दिवस पावसाचे, घर दोन खोल्यांचे. वडील आणि भाऊ घरात, म्हणून धुतलेली फडकी कपाटामागच्या दोरीवर वाळत पडायची आणि अर्धवट ओलीच पुन्हा वापरात यायची. व्हायचे ते झाले. कातडी सोलवटली, खाज सुटली, आणि लाजेपायी मुलीने चार दिवस कुणाला सांगितले नाही. डॉक्टरांनी बुरशीचा संसर्ग असल्याचे सांगून औषध दिले.

"आता बरी आहे ती," बाई म्हणाल्या. "पण सर, तिच्या आईनं एक निरोप दिलाय. म्हणाली, पॅडमध्ये विष आहे म्हणतात, फडक्यानं हे असं झालं. मग आम्ही वापरायचं तरी काय? तुमचे सर एवढे शिकलेले आहेत, त्यांना विचारून सांगा."

निरोप ऐकून मला काही उत्तर सुचले नाही. मराठीचा एम. ए. झालेल्या माणसाला पंतकवींच्या आर्यांविषयी विचारले तर तो तासभर बोलेल. पण या प्रश्नापुढे मी अगदी अडाणी ठरलो. त्यानंतर जे वाचले, ज्या जाणत्यांना विचारले, त्यातून त्या माउलीसाठी जे उत्तर तयार झाले, ते या महिन्याच्या लेखात वाचकांपुढे ठेवतो आहे. कौटुंबिक मासिकात हा विषय कशाला, असे एखाद्या वडीलधाऱ्या वाचकास वाटेल. त्यांस नम्रपणे विचारावेसे वाटते की, कुटुंबातल्या निम्म्या माणसांच्या शरीराशी आयुष्यातली पस्तीस-चाळीस वर्षे निगडित असलेली गोष्ट कौटुंबिक मासिकात यायची नाही, तर कुठे यायची?

आमच्या मराठी परंपरेने या विषयाकडे नेहमीच पाठ फिरवली, असेही नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांना समजावले होते की, शरीराच्या इतर द्वारांतून जसे मळ बाहेर पडतात तसाच हाही एक शरीरधर्म. त्याचा विटाळ मानण्याचे कारण नाही. सोयराबाईंनी आपल्या अभंगातून देहाच्या विटाळाचा हाच प्रश्न देवालाच विचारला. पुढे र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक चालवून शरीराचे शास्त्र मराठी घरात नेण्याचा प्रयत्न केला. त्यापायी त्यांनी अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. परंतु आमच्या घरांत त्यातले फारसे काही उतरले नाही. आम्ही होळकरांच्या मागोमाग इंदूरला आलो, येताना गणपती आणला, पुरणपोळी आणली, आणि "कावळा शिवला" हा शब्दप्रयोगही सोबत आणला.

त्या रात्री जेवणानंतर आमच्या सौ.ना मी हा प्रश्न विचारला. लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली. या विषयावर आमचे हे पहिलेच बोलणे. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, आमच्या वाड्यात मोरीच्या मागे एक दोरी होती. फडकं वाळत घालायचं आणि त्याच्यावर परकर टाकायचा, कुणाला दिसू नये म्हणून. ऊन कधी त्या दोरीपर्यंत पोचलंच नाही. पावसाळ्यात तर चार-चार दिवस ओलं राहायचं. आणि खाज सुटली तर आई म्हणायची, सगळ्यांनाच होतं, बोलू नये." एवढे सांगून त्या उठल्या. मला मात्र ती परकराखालची दोरी बराच वेळ दिसत राहिली. माझ्या बहिणींच्या वाट्यालाही तसलीच एक दोरी आली असणार. एकाच घरात वाढूनही मला ती कधी दिसली नाही.

आता पॅडविषयी. ही वस्तू मुळात जखमेच्या पट्टीतून जन्माला आली. पहिल्या महायुद्धात कापसाचा तुटवडा पडला तेव्हा लाकडाच्या लगद्यापासून केलेली शोषक पट्टी सैनिकांच्या जखमांवर वापरली जाई. रुग्णालयांतल्या परिचारिकांनी तिचा हा दुसरा उपयोग हेरला आणि युद्धानंतर, १९२० साली, अमेरिकेत 'कोटेक्स' या नावाने पॅड विक्रीस आले. आजच्या पॅडचे साधारणतः तीन थर असतात. अंगाला लागणारा वरचा थर बहुधा कृत्रिम धाग्याचा किंवा सच्छिद्र प्लास्टिकचा. मधला थर लाकडाच्या लगद्याचा, आणि त्यात द्रव शोषून जेलीसारखे फुगणारे अतिशोषक चूर्ण, ज्याला रसायनशास्त्रात सोडियम पॉलिअॅक्रिलेट म्हणतात. खालचा थर द्रव बाहेर न जाऊ देणाऱ्या प्लास्टिकचा. याखेरीज थर जोडणारा डिंक, अंतर्वस्त्राला चिकटणारा डिंक आणि पुष्कळदा सुगंध.

कारखानदार या वस्तूत मुद्दाम विष कालवतो, असे कुणीही जबाबदार माणूस म्हणत नाही. नको असलेली द्रव्ये शिरतात ती वेगळ्या वाटांनी. प्लास्टिक मऊ राहावे म्हणून वापरली जाणारी थॅलेट नावाची संयुगे प्लास्टिकमधून किंवा डिंकातून येतात. त्यांतली काही शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात, हे ज्ञात आहे. डिंकातून, रंगातून व सुगंधातून टोल्यूइनसारखी बाष्पशील संयुगे येतात. लाकडाचा लगदा पांढरा शुभ्र करण्यासाठी पूर्वी क्लोरीन वायू वापरीत. त्या प्रक्रियेत डायॉक्सिन नावाची अत्यंत घातक द्रव्ये सूक्ष्म प्रमाणात निर्माण होत. १९९० नंतरच्या काळात पुष्कळ कारखान्यांनी ती पद्धत बदलली. आणि कापूस वापरला तर तो शिसे, आर्सेनिक यांसारखे धातू जमिनीतून व पाण्यातून आपल्या धाग्यात घेऊन येऊ शकतो. कापूस नैसर्गिक म्हणून तो निर्दोषच, हा समज त्यामुळे टिकत नाही.

या वस्तूंपासून खरोखर माणसे दगावली, असा एक मोठा प्रसंग इतिहासात आहे. तो टॅम्पॉनचा आहे, म्हणजे शरीराच्या आत बसवण्याच्या शोषक गुंडाळीचा. आपल्याकडे तिचा वापर फार थोड्या स्त्रिया करतात. पण त्या प्रसंगाने शिकवलेला धडा सर्वांनाच उपयोगी आहे. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत 'रिलाय' नावाचा टॅम्पॉन बाजारात आला. कृत्रिम फेस आणि एक अतिशोषक द्रव्य यांमुळे तो इतर टॅम्पॉनांहून कितीतरी अधिक द्रव शोषून घेई, आणि त्यामुळे बराच वेळ बदलावा लागत नसे. १९८० साली तेथील डॉक्टरांना असे दिसून आले की, निरोगी तरुण स्त्रियांना पाळीच्या दिवसांत अचानक तीव्र ताप येतो, अंगावर पुरळ उठते, रक्तदाब कोसळतो आणि काही दगावतातही. 'टॉक्सिक शॉक सिंड्रोम' हे नाव या आजाराला १९७८ मध्येच मिळाले होते. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा एरवी माणसाच्या नाकात, कातडीवर राहणारा जंतू त्या टॅम्पॉनच्या आश्रयाने वाढे आणि त्याचे विष रक्तात उतरे. सप्टेंबर १९८० मध्ये कंपनीने तो टॅम्पॉन बाजारातून काढून घेतला.

या प्रकरणात लक्षात घेण्यासारखे हे की, त्या टॅम्पॉनमध्ये कुठलेही नावाजलेले विष नव्हते. अधिक शोषण आणि अधिक वेळ या दोन "सोयीं"नीच घात केला. जो गुण म्हणून विकला गेला तोच दोष ठरला, आणि विकण्यापूर्वी त्याची त्या दृष्टीने पुरेशी तपासणी झालेली नव्हती. पुढे तेथे टॅम्पॉनच्या शोषणक्षमतेच्या श्रेणी ठरवून त्या पाकिटावर छापणे बंधनकारक झाले आणि त्या आजाराचे प्रमाण पुष्कळ घटले.

अलीकडच्या काळात पॅडमधल्या रासायनिक द्रव्यांची चर्चा जोरात सुरू झाली ती दक्षिण कोरियातून. २०१७ साली तेथील स्त्रियांच्या एका पर्यावरण संघटनेने विद्यापीठात करवून घेतलेल्या तपासणीत पॅडमधून बाष्पशील संयुगे बाहेर पडतात असे आढळले. 'लिलियन' नावाच्या पॅडविषयी हजारो स्त्रियांनी पाळी अनियमित झाल्याच्या तक्रारी केल्या. कंपनीने विक्री थांबवून पैसे परत दिले. नंतर तेथील सरकारी खात्याने बाजारातले पॅड तपासले आणि आढळलेले प्रमाण अपायकारक पातळीचे नाही, असा निर्वाळा दिला. तरीही तेथील सरकारने पॅडमधले घटक पाकिटावर छापणे २०१८ पासून सक्तीचे केले. फ्रान्समध्येही याच सुमारास तेथील आरोग्य-सुरक्षा संस्थेने तपासणी केली. २०१८ सालच्या तिच्या अहवालाचा आशय असा की, कित्येक द्रव्ये सापडली, पण कोणतेही धोक्याच्या मर्यादेपलीकडे नव्हते. तथापि कारखानदारांनी ती काढून टाकावीत अथवा कमी करावीत आणि घटकांची माहिती स्त्रियांना द्यावी.

आपल्या देशात दिल्लीच्या 'टॉक्सिक्स लिंक' या संस्थेने नोव्हेंबर २०२२ मध्ये असाच एक अहवाल प्रसिद्ध केला. बाजारातले दहा प्रकारचे पॅड तपासले. त्यांत 'सेंद्रिय' म्हणून विकले जाणारेही होते. थॅलेट आणि बाष्पशील संयुगे सर्वच नमुन्यांत आढळली. युरोपातल्या नियमाप्रमाणे वस्तूच्या वजनाच्या ०.१ टक्क्यापेक्षा अधिक थॅलेट असू नयेत. आढळलेली प्रमाणे या मर्यादेच्या आत होती. मोबाइलवरून फिरणाऱ्या मजकुरात पहिले वाक्य असते, दुसरे नसते.

जुलै २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी चौदा छापांचे तीस टॅम्पॉन तपासून सोळा धातूंचा शोध घेतला. शिसे सर्व नमुन्यांत सापडले, सरासरी एका ग्रॅममध्ये १२० नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. विशेष हे की, शिसे साध्या टॅम्पॉनमध्ये अधिक होते, तर आर्सेनिक 'सेंद्रिय' टॅम्पॉनमध्ये. मात्र हे धातू टॅम्पॉनमधून सुटून शरीरात जातात की नाही, हे या अभ्यासाने तपासलेले नव्हते आणि संशोधकांनी तसे स्पष्ट सांगितले होते.

तर मग या सर्वाचा अर्थ काय लावायचा? मला जो कळला तो असा. एखादे द्रव्य वस्तूत सापडणे ही एक गोष्ट. ते शरीरात जाणे ही दुसरी. आणि जितके गेले तितक्याने अपाय होणे ही तिसरी. हळदीत शिसे सापडले तर ते पोटात जाते हे नक्की असते. पॅडच्या खालच्या थरातले थॅलेट कातडीतून किती आत जाते, हे तितके नक्की नाही. पॅडमुळे कर्करोग होतो असे कोणत्याही अभ्यासाने सिद्ध केलेले नाही. ज्याने तो मजकूर पाठवला त्याने त्या आईला खोटे सांगितले. परंतु म्हणून "काळजीचे काहीच कारण नाही" असे म्हणून विषय संपवणेही बरोबर नाही. त्या भागातली त्वचा हाता-पायाच्या त्वचेसारखी राठ नसते; आतले अस्तर तर कितीतरी द्रव्ये सहज शोषून घेते, आणि म्हणूनच डॉक्टर काही औषधे त्या मार्गाने देतात. शिवाय हा संबंध एका दिवसाचा नाही. वर्षाला बारा पाळ्या, पस्तीस वर्षे, आणि दर पाळीला पंधरा पॅड धरले तर एका स्त्रीच्या आयुष्यात सहा हजारांहून अधिक पॅड होतात. इतका दीर्घ सहवास असलेल्या वस्तूत काय आहे, हे तिला विचारता आले पाहिजे आणि तिला ते सांगितले गेले पाहिजे.

आणि घाबरून मागे फिरावे, तर मागे काय आहे तेही पाहू. ओडिशातल्या दोन रुग्णालयांत ४८६ स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुन्हा पुन्हा धुऊन कापड वापरणाऱ्या स्त्रियांत जननमार्गाच्या व मूत्रमार्गाच्या संसर्गाची लक्षणे, एकदा वापरून टाकायचे पॅड घेणाऱ्या स्त्रियांपेक्षा, अधिक आढळली. यात दोष कापडाचा नाही. स्वच्छ पाण्यात साबणाने धुतलेले, कडक उन्हात पूर्ण वाळवलेले सुती कापड हे चांगले साधन आहे. आपल्या मानक ब्यूरोने धुऊन वापरायच्या पॅडसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र मानकही केले आहे. दोष आहे तो परकराखाली लपवलेल्या दोरीचा. ऊन हे गरिबाघरचे सर्वांत स्वस्त जंतुनाशक, आणि नेमके तेच आम्ही लाजेपायी त्या फडक्याला मिळू दिले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१ च्या पाहणीत पंधरा ते चोवीस वयाच्या ७७ टक्के तरुणी पाळीसाठी आरोग्यदायी साधने वापरतात असे दिसले. आमच्या मध्यप्रदेशात हे प्रमाण ६१ टक्केच होते. म्हणजे दहांतल्या चार मुलींचे अद्याप त्याच दोरीवर भागते आहे. अशा मुलींना पॅडचे भय घालणे म्हणजे संभाव्य धोक्यातून काढून प्रत्यक्ष धोक्यात ढकलणे होय.

सॅनिटरी नॅपकिनच्या भारतीय मानकाचा क्रमांक ५४०५. त्यात शोषणक्षमता, आम्ल-अल्कलीचे प्रमाण यांची परीक्षा होती. २०१९ साली ते सुधारून जंतू व बुरशी यांच्या तपासणीची भर घातली गेली. परंतु थॅलेट आणि बाष्पशील संयुगे यांच्यावर बंधन नाही, ही दिल्लीच्या त्या अहवालाची मुख्य तक्रार होती. घरात खोबरेल तेलाची बाटली आणली तर तिच्यावर घटक, वजन, तारीख सारे छापलेले सापडते. मी परवा औषधांच्या दुकानातून तीन निरनिराळ्या कंपन्यांचे पॅड आणून पाहिले. आकार, पंख, सुगंध आणि बारा तासांचे आश्वासन ठळक अक्षरांत होते. आत कोणकोणते पदार्थ आहेत याची संपूर्ण यादी तिन्हींपैकी एकावरही नव्हती. दुकानदाराने ही तिन्ही पाकिटे वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून दिली, तेव्हा मला उमगले की, जी वस्तू आम्ही काळ्या पिशवीतून आणतो तिच्या पाकिटावर काय छापले आहे, हे कोण वाचणार आणि काय छापले नाही म्हणून कोण भांडणार? कोरियातल्या स्त्रिया उघडपणे बोलल्या, म्हणून तेथे यादी छापली गेली. आपल्याकडेही २०१७ साली पॅडवर १२ टक्के वस्तू व सेवा कर लागला होता. स्त्रिया बोलल्या, म्हणून जुलै २०१८ मध्ये तो उठला.

या प्रकरणात मी स्वतःही निर्दोष नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत वापरलेले पॅड जाळण्याचे एक छोटे यंत्र आले. पावतीवर सही माझीच. त्यात किती अंश उष्णता निर्माण होते, हे मी विचारले नाही. प्लास्टिक असलेला पॅड अपुऱ्या आचेवर धुमसला तर त्याच्या धुरातून तीच डायॉक्सिने बाहेर पडू शकतात. त्यासाठी सुमारे ८०० अंशांच्या वरची उष्णता लागते असे जाणकार सांगतात. आमचे यंत्र धुमसत असे, आणि धूर शेजारच्या सहावीच्या वर्गात जात असे. मुलींनी तक्रार केली नव्हती, कारण तक्रार कोणाकडे करायची, माझ्याकडे? ते यंत्र आता बंद आहे. आमच्या इंदुरात घरोघरच्या कचरागाडीला अशा कचऱ्याचा वेगळा कप्पा आहे. वापरलेला पॅड कागदात गुंडाळून, वर खूण करून त्यात द्यावा. पुण्यातल्या कचरावेचक भगिनींच्या 'स्वच्छ' संस्थेने २०१३ साली वापरलेल्या पॅडची पोती कंपन्यांना परत पाठवून, आमच्या हातांनी हे उचलावे लागते याची आठवण करून दिली होती. ती आठवण आपणही ठेवावी.

आता त्या आईला पाठवलेले उत्तर. बाईंच्या मदतीने मी ते हिंदीत एका कागदावर लिहून दिले; येथे मराठीत देतो.

पॅड सोडू नका. बिनसुगंधी घ्या, सुगंधाने कुठलीही स्वच्छता साधत नाही आणि एक अनावश्यक रसायन मात्र वाढते. पाकिटावर बारा तास लिहिले असले तरी दर चार ते सहा तासांनी बदला. "रिलाय"चा धडा तोच आहे. पाकीट कोरड्या जागी ठेवा, न्हाणीघरात नको. 'सेंद्रिय' या शब्दासाठी दुप्पट पैसे मोजण्याची गरज नाही. सरकारी जनऔषधी केंद्रांतून २०१९ पासून एक रुपयाला एक पॅड देण्याची योजना आहे, तिची चौकशी करा. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने सातवी ते बारावीच्या सुमारे १९ लाख मुलींच्या खात्यांत प्रत्येकी ३०० रुपये याच खरेदीसाठी जमा केले होते. असे पैसे येतील तेव्हा ते याच कामी लावा.

कापडच वापरायचे असेल तर ते सुती असावे, थंड पाण्यात भिजवून साबणाने धुवावे आणि गच्चीवर, उघड्या उन्हात, वर काहीही न झाकता वाळवावे. पावसाळ्यात ऊन नसेल तर पूर्ण कोरडे होईपर्यंत इस्त्री फिरवावी. मोठ्या वयाच्या स्त्रियांसाठी सिलिकोनचा कपही एक साधन आहे. केरळातले कुंबलंगी हे गाव जानेवारी २०२२ मध्ये याच मार्गाने 'नॅपकिनमुक्त' म्हणून जाहीर झाले. २०१९ साली 'लॅन्सेट'च्या मासिकात त्रेचाळीस अभ्यासांचा जो आढावा आला, त्यात कप सुरक्षित असल्याचाच निष्कर्ष निघाला होता. मात्र तो नीट उकळून वापरावा लागतो.

आणि खाज, पुरळ, दुर्गंधी, ओटीपोटात दुखणे किंवा पाळीत ताप यांपैकी काही झाले तर "सगळ्यांनाच होतं" असे म्हणू नये. डॉक्टरांकडे जावे, आणि कोणते साधन किती तास वापरले तेही सांगावे.

कागदाच्या शेवटी मी एक वाक्य घालू की नको, असा पुष्कळ विचार केला. शेवटी घातले : घरातल्या पुरुषांनाही हा कागद वाचायला द्यावा. बाईंनी कागद नेला. आठ-दहा दिवसांनी त्या सांगत आल्या की, मुलीच्या वडिलांनी तो वाचला, काही बोलले नाहीत, पण रविवारी गच्चीवर एक नवी दोरी बांधून दिली.

मुलगी आता रोज शाळेत येते. परवा तिने बाईंना विचारले की, पाकिटावर आतले पदार्थ लिहावेत म्हणून कंपनीला पत्र पाठवायचे असेल तर ते कोणत्या भाषेत लिहावे. बाईंनी तिला माझ्याकडे पाठवले. मी या वेळी "बरं, बरं" म्हटले नाही. समोरची खुर्ची पुढे केली, कोरा कागद काढला आणि मायना सांगायला सुरुवात केली.